घरची बियर नको तितकी कडू होते तेव्हा: कारण शोधायचा क्रम

बियर कडू झाली की पहिला हात हॉप्सवर (बियरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांवर) पडतो. पुढच्या वेळी हॉप्स निम्मे होतात, बियर तरीही कडूच निघते आणि वर तिचा वासही जातो. दोष अनेकदा हॉप्सचा नसतोच. मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) मिक्सरमध्ये पीठ होईपर्यंत फिरवलेलं असतं, टोपाच्या बुडाला एक्स्ट्रॅक्ट (मॉल्टचा तयार अर्क) लागलेलं असतं, नाहीतर बाटली गाळासकट ग्लासात उपडी केलेली असते. म्हणून रेसिपीला हात लावण्याआधी तोंडाला नेमकं काय लागतंय ते ठरवा, मग वहीतला हिशेब बघा आणि बदल सगळ्यात शेवटी करा. हा क्रम उलटा केला की तीन-चार बॅचेस वाया जातात आणि कारण काही सापडत नाही.

खालची मापं २० लिटरच्या बॅचची आहेत. तुमची बॅच लहान असेल तर त्या प्रमाणात कमी करा.

एक गोष्ट आधीच सांगतो. गोव्यात दारू सहज मिळते, त्यामुळे ती घरी करायलाही मोकळीक असेल असा अनेकांचा समज असतो. गोवा, दमण व दीव अबकारी शुल्क कायदा, १९६४ नुसार मद्यनिर्मितीला परवाना लागतो. तालुक्याच्या अबकारी कार्यालयात विचारून घ्या, मगच गॅस पेटवा. विकायचं तर नावच काढू नका.

## तयारी: चाखण्याआधी काय हाताशी हवं

त्या बॅचच्या दोन-तीन बाटल्या फ्रीजमध्ये तीन दिवस उभ्या ठेवा. आडव्या ठेवल्या तर गाळ बाटलीभर पसरतो आणि पुढच्या चाचणीला काही अर्थ राहत नाही. बाजारातली एखादी सौम्य लागर तुलनेसाठी आणा. हायड्रोमीटर, थर्मामीटर, पीएच मीटर आणि ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा काढून ठेवा. हॉप्सचं रिकामं पाकीट कचऱ्यात गेलं नसेल तर फार बरं, कारण त्यावर छापलेला अल्फा अॅसिडचा (हॉप्समधल्या कडूपणा देणाऱ्या द्रव्याचा) टक्का आपल्याला लागणार आहे.

चाखायची वेळ जेवणाआधीची, सकाळी अकराच्या सुमाराची ठेवा. बांगड्याचं हुमण जेवून, कॉफी घेऊन किंवा नुकते दात घासून चाखलेल्या बियरबद्दल काहीही ठरवू नका. बियर फ्रीजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा. फार थंड असली की कडूपणाचे बारकावे जिभेला कळत नाहीत. चाखायला दुसरं माणूस बसवा आणि कोणत्या ग्लासात काय आहे हे त्याला सांगू नका.

तपासा: बॅचची वही आहे का? मॉल्ट आणि हॉप्सचं वजन, उकळीची वेळ, शेवटी हाती आलेले लिटर, सुरुवातीची आणि शेवटची ग्रॅव्हिटी (हायड्रोमीटरवर दिसणारी द्रवाची घनता), यीस्ट घालतानाचं तापमान, एवढं तरी हवं. वही नसेल तर आठवेल ते आत्ताच लिहून काढा, चाखल्यानंतर नको. चव कळली की आठवणी त्या चवीला जुळवून घेतात.

## टप्पा १: कोणत्या जातीचा कडूपणा आहे ते ठरवा

लहान घोट घ्या, तोंडात फिरवा, गिळा आणि वीस सेकंद गप्प बसा. खरं उत्तर गिळल्यानंतरच मिळतं.

स्वच्छ कडू. जिभेच्या मागच्या बाजूला जाणवतो, हळूहळू ओसरतो, तोंडाला पाणी सुटतं. हा हॉप्सचा. टप्पा ३.

तुरट. जीभ टाळ्याला चिकटते, हिरड्या कोरड्या पडतात, काजूचं बोंड चोखल्यावर होतं तसं तोंड आवळतं. ही चव नसून स्पर्श आहे, आणि ती धान्याच्या सालातल्या टॅनिनची करामत. कडूपणाच्या तक्रारींत हिचा वाटा मोठा असतो, कारण तुरट तोंडाला साधा कडूपणाही दुप्पट वाटतो. टप्पा ४.

जळका. करपलेल्या साखरेचा, राखेचा. टप्पा ५.

ब्रेडसारखा, मातकट, घशाशी चिकटणारा. तळाशी बसलेलं यीस्ट किंवा हॉप्सची भुकटी. टप्पा ६.

औषधी, प्लास्टिकसारखा किंवा साबणाचा. टप्पा ७. याला कडू म्हणतात खरं, पण हॉप्सशी त्याचा काडीचा संबंध नाही.

दोन जाती एकदम आढळल्या तर जी आधी जाणवली तिच्यामागे लागा.

## टप्पा २: चार ग्लासांची चाचणी

नुसत्या चवीवर विसंबू नका. त्याच बियरचे चार ग्लास करा.

१. पहिल्या ग्लासात वरची नितळ बियर हलक्या हाताने ओता. तळचा दोन बोटं भाग बाटलीतच राहू द्या.

२. तो उरलेला भाग बाटली हलवून दुसऱ्या ग्लासात ओता. हा पहिल्यापेक्षा ठळकपणे कडू लागला तर दोष गाळाचा आहे, रेसिपीचा नाही. पुढचं वाचण्याआधी नीट ओतायला शिका. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

३. तिसऱ्या ग्लासात नितळ बियर घेऊन ती एका रिकाम्या ग्लासात आणि परत अशी आठ-दहा वेळा ओतून तिचा गॅस घालवा. कार्बन डायऑक्साइडचा चरचरीतपणा कडूपणाला धार लावतो. गॅस गेल्यावर बियर सौम्य लागली तर प्रायमिंगची (बाटलीत गॅस धरावा म्हणून घालतात ती) साखर जास्त झाली होती. २० लिटरला साधारण ११० ते १३० ग्रॅम पुरते.

४. चौथ्यात नितळ बियरमध्ये अर्धा चमचा साखरेचा पाक ढवळा. कडूपणा झाकला जाऊन चव जुळून आली तर मॉल्ट आणि हॉप्सचा तोल बिघडलेला आहे. गोड लागूनही तोंड कोरडंच पडत असेल तर ते टॅनिन.

सावध: पाक फक्त ग्लासात घालायचा. बियर गोड करायची म्हणून बाटल्या उघडून त्यात साखर टाकून पुन्हा बंद करणारे लोक आहेत. आतलं यीस्ट जिवंत असतं, ते साखर खातं, दाब वाढतो आणि काच फुटते. एप्रिल-मेच्या उकाड्यात तर लवकरच.

## टप्पा ३: हॉप्सचा हिशेब

कडूपणा आयबीयूमध्ये मोजतात. हिशेब सोपा आहे: हॉप्सचे ग्रॅम गुणिले अल्फा अॅसिडचा टक्का (दशांशात) गुणिले वापराचं प्रमाण (अल्फाचा किती भाग बियरमध्ये उतरतो ते) गुणिले १०००, भागिले लिटर. सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.०५० असताना वापराचं प्रमाण ६० मिनिटांच्या उकळीला ०.२३, २० मिनिटांना ०.१४ आणि १० मिनिटांना ०.०८ धरा.

आता नेहमीची चूक पाहा. रेसिपीत ६० मिनिटांना ३० ग्रॅम साझ जातीचे हॉप्स आहेत, अल्फा ३.५ टक्के. म्हणजे ३० × ०.०३५ × ०.२३ × १००० ÷ २० = सुमारे १२ आयबीयू. साझ मिळाले नाहीत म्हणून मॅग्नम मागवले, अल्फा १३ टक्के, आणि ग्रॅम तेच ठेवले. उत्तर येतं ४५. बियर पावणेचार पट कडू झाली आणि वहीत मात्र "रेसिपीप्रमाणे" असंच लिहिलेलं. हॉप्स बदलले की ग्रॅम बदलायचेच. जुने ग्रॅम गुणिले जुना अल्फा, भागिले नवा अल्फा. इथे साधारण ८ ग्रॅम पुरले असते. एकाच जातीच्या दोन वर्षांच्या पिकातही अल्फा वेगळा असतो, म्हणून इंटरनेटवरचा सरासरी आकडा नको, पाकिटावरचा घ्या.

आठ ग्रॅम मोजायला स्वयंपाकघरातला काटा चालत नाही. एक-दोन ग्रॅमची चूक म्हणजे तिथे पाव हिस्सा.

आटलेलं पाणी. २० लिटर धरले होते आणि जोरदार उकळीत आटून १६ च उरले, तर तेवढ्याच हॉप्सचा कडूपणा सव्वापट होतो. स्टीलची पट्टी किंवा लाकडी काठी घेऊन टोपात एकेक लिटर पाणी ओतत खुणा करून ठेवा. उकळी संपल्यावर काठी बुडवा. कमी भरलं तर उकळून गार केलेलं पाणी यीस्ट घालण्याआधी मिसळा, ग्रॅव्हिटीही जागेवर येते. फर्मेंटेशन झाल्यावर पाणी घालणं वेगळं. त्याबरोबर ऑक्सिजन आत जातो आणि चव शिळी होते.

गोव्यातला खास घोळ: वर्ट (यीस्ट घालण्याआधीचं मॉल्टचं गोड द्रव) गार व्हायला लागणारा वेळ. आच बंद केली म्हणजे हॉप्समधून कडूपणा उतरायचा थांबला असं होत नाही. वर्ट ८० अंश सेल्सिअसच्या वर असेपर्यंत ते काम चालूच असतं. थंड देशांतल्या रेसिप्या नळाच्या गार पाण्यावर बेतलेल्या असतात, तिथे पंधरा-वीस मिनिटांत वर्ट गार होतं. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला कोमट लागतं. तांब्याच्या वेटोळ्यातून ते सोडलं तरी वर्ट गार व्हायला जास्त वेळ लागतो. मग "आच बंद केल्यावर ५० ग्रॅम" हे जे केवळ वासासाठी होतं, ते कडू करून जातं. आयपीए (भरपूर हॉप्सची बियर) हाताबाहेर कडू झाली आणि पाकिटावरचा अल्फा तर बरोबर होता, अशा वेळी मी आधी हेच विचारतो: गार व्हायला किती वेळ लागला?

उपाय तीन आहेत. वर्ट आधी ८० अंशांच्या खाली आणा, मग वासाचे हॉप्स घाला आणि वीस मिनिटं मुरू द्या. किंवा टोप झाकून मोठ्या टबात ठेवा आणि बाहेरून बर्फ घाला. मासळीसाठी मिळणारा लादीचा बर्फ याला चालतो, पण त्याचा एक थेंबही आत जाता कामा नये. आणि रात्रभर झाकून आपोआप गार होऊ देण्याची पद्धत वापरत असाल तर हॉप्सच्या सगळ्या वेळा २० मिनिटांनी पुढे ढकला. रेसिपीतले २० मिनिटांचे हॉप्स तेव्हा आच बंद करताना घालायचे.

तपासा: हॉप्सचं पाकीट उघडून वास घ्या. हिरवा, रेझिनसारखा किंवा फळांचा वास ठीक. चीजसारखा, घामट वास आला तर हॉप्स जुने झालेत. जुन्या हॉप्समधला अल्फा घटतो, पण बीटा अॅसिडं ऑक्सिडाइज होऊन खरखरीत कडूपणा देतात, आणि हिशेबात तो दिसत नाही. उन्हाळ्यात कुरिअरच्या गोदामात पडून राहिलेलं पार्सल, पावसाळ्यात वीज गेल्यावर वितळलेला फ्रीझर, दोन्हीकडे लक्ष ठेवा. उरलेले हॉप्स हवा काढून, घट्ट बंद करून फ्रीझरमध्येच ठेवायचे.

तोल. सुरुवातीच्या ग्रॅव्हिटीचे शेवटचे दोन आकडे घ्या आणि आयबीयूला त्यांनी भागा. १.०५० आणि २५ आयबीयू म्हणजे ०.५, बहुतेकांना रुचणारा तोल. मॉल्ट नीट न दळल्यामुळे ग्रॅव्हिटी १.०३६ च आली तर तेच २५ आयबीयू जवळजवळ ०.७ वर जातात. तेव्हा हॉप्स नव्हे, मॉल्ट कमी पडलेलं असतं.

## टप्पा ४: तुरटपणा: दळण, पाणी, पीएच

धान्याच्या सालातलं टॅनिन उतरायला दोन गोष्टी लागतात, जास्त पीएच आणि जास्त उष्णता. साल जितकं बारीक तितकं काम सोपं.

दळण. मूठभर दळलेलं मॉल्ट पांढऱ्या ताटात पसरा. दाण्याचे चार-पाच तुकडे आणि सालाचे जवळजवळ अख्खे कवच दिसायला हवेत. ताटात राखाडी भुस्सा आणि पीठच दिसलं तर तुरटपणाचा उगम सापडला. पिठाच्या चक्कीवर दळून आणू नका. मिक्सरच असेल तर दळण्याआधी मॉल्टवर किलोला १५ ते २० मिली पाणी शिंपडून हाताने खालीवर करा आणि दहा मिनिटं थांबा. साल चिवट होतं, आत दाणा कोरडाच राहतो. मग थोडं थोडं घालून मिक्सर फक्त झटके देत फिरवा. दळून मिळणारं मॉल्ट मागवणं सर्वांत सोपं, फक्त पावसाळ्यात ते लवकर सादळतं, तेव्हा साठवू नका.

पाणी. ओपा, अस्नोडा, साळावली, कुठलंही नळाचं पाणी क्लोरीन घातलेलं असतं. ते उघड्या भांड्यात रात्रभर ठेवा किंवा १५ मिनिटं उकळा. घाई असेल तर ३० लिटरला पाव ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम मेटाबायसल्फाइट पुरतं. विहिरीचं पाणी जागेजागी बदलतं. किनाऱ्याजवळ मे महिन्यात ते मचूळ होतं. जांभ्या दगडाच्या विहिरीत लोह असू शकतं. न्हाणीघरातल्या पांढऱ्या टाइलवर तांबूस डाग पडत असतील तर ते पाणी बियरला वापरू नका. लोहाने धातूसारखी, रक्तासारखी चव येते आणि कडूपणा खरखरीत लागतो. टँकरचं पाणी तर दर खेपेला वेगळं, त्यावर रेसिपी बसवताच येत नाही.

आरओचं पाणी सुरक्षित, पण त्यात क्षार जवळजवळ नसतात. फक्त फिकट मॉल्ट असेल तर मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या मॉल्टचा) पीएच ५.७-५.८ च्या आसपास अडकतो. तो ५.२ ते ५.६ मध्ये हवा.

पीएच. मॅश सुरू करून दहा मिनिटांनी चमचाभर द्रव वाटीत काढा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग मीटर बुडवा. गरम द्रवात आकडा खोटा येतो आणि मीटरही बिघडतं. मीटर ४ आणि ७ च्या द्रावणांत त्याच दिवशी जुळवलेलं हवं. पीएच जास्त असेल तर लॅक्टिक अॅसिड एकेक मिली घालून, ढवळून, पुन्हा मोजा. अंदाजाने ओतू नका, आंबट बियर दुरुस्त होत नाही.

सावध: आयपीएच्या रेसिपीत जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) असतं म्हणून चमचाभर टाकून देऊ नका. २० लिटरमध्ये ४ ग्रॅम जिप्सम म्हणजे लिटरला सुमारे ११० मिलिग्रॅम सल्फेट. सल्फेट स्वतः कडूपणा आणत नाही, पण आहे त्याला कोरडी धार देतं. गोडसर, मऊ बियर हवी असेल तर कॅल्शियम क्लोराइड वापरा. एप्सम सॉल्ट मुळातच कडू, त्यापासून लांब राहा.

स्पार्ज. धान्यावर ओतायचं पाणी ७६ अंशांच्या वर नको आणि त्याचा पीएच ६ च्या खाली हवा. खाली येणाऱ्या द्रवाची ग्रॅव्हिटी १.०१० च्या खाली गेली की थांबा. "अजून दोन लिटर साखर निघेल" या हव्यासापायी शेवटी निघतं ते बहुतांशी टॅनिन.

पिशवीत मॅश करणाऱ्यांना "पिशवी पिळू नका" असा दम भरला जातो. माझं मत वेगळं आहे. पीएच आणि तापमान ताब्यात असेल तर पिळल्याने फार तर वर्ट गढूळ होतं. खरा धोका आहे तो पिशवी टोपात विसरून आच वाढवण्यात. एक्स्ट्रॅक्टवर बियर करणारे चवीपुरतं धान्य भिजवतात आणि पाणी उकळायला लागेपर्यंत पिशवी तशीच ठेवतात. ती ७५ अंशांना बाहेर काढायची. डिकॉक्शन पद्धतीत धान्य उकळतात हे खरं, पण तिथे दाट मॅशचा पीएच खाली असतो. नुसत्या पाण्यात तो नसतो.

## टप्पा ५: जळकं, काळं आणि वरून घातलेलं

टोप रिकामा केल्यावर बूड बघा. तपकिरी-काळा चट्टा असेल तर पुढे शोधायची गरज नाही. एक्स्ट्रॅक्ट घालताना गॅस पूर्ण बंद करा, उलथन्याने बूड खरवडत ढवळा, तळाला काही चिकटत नाही याची खात्री झाली की मगच पेटवा. पातळ बुडाचा टोप आणि मोठा बर्नर ही जोडी टाळा. जळकी चव काढायचा उपाय नाही.

भाजलेलं बार्ली किंवा काळं मॉल्ट एकूण धान्याच्या १० टक्क्यांवर गेलं की बियर कॉफीच्या चोथ्यासारखी लागू शकते. स्टाउटला (काळ्या बियरला) ते वेगळं रात्रभर गार पाण्यात भिजवून, गाळून, उकळीच्या शेवटी घाला.

संत्र्याची किंवा मोसंबीची साल घालणार असाल तर फक्त वरचा रंगीत पापुद्रा घ्या. आतला पांढरा भाग कडू असतो. माडाचा काळा गूळ चवीला सुरेख, पण त्यातली साखर यीस्ट जवळजवळ सगळी खाऊन टाकतं आणि मागे उरते क्षारांची कडसर चव. एकूण साखरेच्या दहाव्या हिश्शापुढे जाऊ नका. सोलं (कोकमं) घातलेल्या बियरला हॉप्स कमीच ठेवा. आंबट आणि कडू एकत्र आले की दोन्ही बोचतात.

## टप्पा ६: फर्मेंटर आणि बाटली

साध्या एल यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात. आपल्या खोलीत ३० असतात, आणि जोरात फर्मेंटेशन चालू असताना आतलं द्रव खोलीपेक्षा काही अंश जास्तच तापतं. अशा वेळी तयार होणारी जड अल्कोहोलं घशात जळजळतात आणि लोक त्याला कडू म्हणतात. ओलं फडकं गुंडाळायचा उपाय कोरड्या हवेतला आहे. पावसाळ्यात आपल्याकडे फडक्यातलं पाणी वाळतच नाही, मग गारवा कुठून येणार? फर्मेंटर (बियर आंबवायचं भांडं) पाण्याच्या टबात ठेवून बर्फ झालेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला. जुना फ्रीज आणि तापमान नियंत्रक सर्वांत उत्तम. नाहीतर सरळ क्वाइक यीस्ट घ्या, ३० ते ३७ अंशांत ते आनंदाने काम करतं.

तपासा: शेवटची ग्रॅव्हिटी १.०१२ अपेक्षित होती आणि १.००२ आली का? मग गोडवा पूर्ण गेलेला आहे आणि कडूपणा उघडा पडलाय. मॅश फार कमी तापमानाला झाला असेल, साखर-गूळ जास्त पडला असेल किंवा रानटी यीस्ट शिरलं असेल. मात्र हायड्रोमीटर बहुधा २० अंशांना जुळवलेला असतो. ३० अंशांच्या बियरमध्ये तो दोन-तीन अंक (०.००२ ते ०.००३) कमी दाखवतो, तेवढे मिळवून मग निष्कर्ष काढा.

यीस्टच्या गाळावर बियर दोन-तीन आठवडे ठीक. उकाड्यात महिन्यावर गेली तर मेलेलं यीस्ट फुटतं आणि सोया सॉससारखी, मातकट कडू चव उतरते. ड्राय हॉपिंगनंतर (आंबलेल्या बियरमध्ये हॉप्स घातल्यावर) घसा खवखवत असेल तर ती तरंगणाऱ्या हॉप्सची भुकटी आहे. थंडीत आठवडा-दोन आठवडे ठेवा, बसते.

## टप्पा ७: साबण आणि ब्लीच

फर्मेंटरला भांडी घासायचा साबण लावू नका. प्लास्टिकच्या ओरखड्यांत तो बसतो. ब्लीचचा अंश राहिला तर मॉल्टमधल्या फिनॉलशी मिळून औषधी वास तयार होतो, आणि तो अगदी किंचित असला तरी कळतो. शंका असेल तर धुतलेल्या फर्मेंटरमध्ये प्यायचं पाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी वास घ्या आणि घोटभर चाखा. पाण्याला चव आली तर बियरलाही येणार. ओरखडे खोल असतील तर भांडंच बदला.

## झालेल्या बॅचचं काय करायचं

स्वच्छ कडू असेल तर थांबा. फ्रीजमध्ये जागा असेल तिथे ठेवा, कडूपणा महिन्यागणिक उतरतो. वासही उतरतो, ही त्याची किंमत. तुरट असेल तर तीन-चार आठवडे थंड ठेवल्यावर टॅनिनचा काही भाग प्रथिनांबरोबर तळाशी जातो. अजून बाटल्यांत भरायची असेल तर जिलेटिनने बियर निवळवल्यास आणखी फरक पडतो. दोन बॅचेस ग्लासात मिसळणं मला सगळ्यात आवडतं. ४० आयबीयूची आणि १० ची समसमान घेतली की २५ ची बियर मिळते, बाटल्यांना हातही लावावा लागत नाही. नाहीतर लिंबू सोडा घालून प्या.

स्वयंपाकात घालायची तर माणक्या (स्क्विड) तळायच्या पिठात घाला, रश्श्यात नको. रस्सा आटला की कडूपणाही आटतो.

जळकी, औषधी किंवा उघडताच फसफसून बाहेर येणारी बियर ओतून द्या. फसफसणाऱ्या बाटल्या उघडण्याआधी चांगल्या गार करा, हातात जाड टॉवेल धरा आणि डोळ्यांना चष्मा असू द्या.

## पुढची बॅच

एकच गोष्ट बदला. दळण, पाणी आणि हॉप्स असं सगळं एकदम बदललं आणि बियर सुधारली तरी कशामुळे सुधारली ते कळणार नाही. शक्य असेल तर ५ लिटरची छोटी बॅच करा. जुन्या बॅचच्या दोन बाटल्या तुलनेसाठी फ्रीजच्या मागच्या कप्प्यात ठेवा आणि त्यांच्या झाकणावर पक्क्या मार्करने तारीख आणि आयबीयू लिहा. कागदी लेबल दमटपणाने महिन्याभरात सुटून येतं.